अर्ज करण्यास कारण की

साहित्याचे प्रकार किती, असं विचारलं की प्राध्यापक मंडळी कथा, कादंबरी, कविता, नाटक अशी बोटं मोजू लागतात. अर्जाचं नाव कोणी घेत नाही. वास्तविक मराठी माणूस आयुष्यात कविता करील न करील, पण अर्ज केल्याशिवाय मरत नाही. आणि मेल्यावरही त्याच्या नावानं वारसांना एक करावाच लागतो. मी बँकेत क्लार्क आहे. वीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून कर्जाचे, रजेचे, बदलीचे, पासबुक हरवल्याचे आणि मग तेच पासबुक गादीखाली सापडल्याचे अर्ज वाचत आलो आहे. त्यामुळे या वाङ्मयप्रकारावर चार शब्द बोलायचा आपल्याला अधिकार आहे, असं मी मानतो. आमचे मॅनेजर मानत नाहीत; पण त्यांनी माझा रजेचा अर्जही कधी पहिल्या झटक्यात मानलेला नाही.

'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. जुन्या कागदांत तो 'अर्जदास्त' असा लांब अंगरखा घालून भेटतो. पुढे नोकरीच्या अर्जाला 'बायोडाटा' चिकटला. तेवढ्यात शिकलेल्या लोकांनी 'सीव्ही' आणला. हे लॅटिन आहे, आणि त्याचा अर्थ आयुष्याची धाव. आता नव्या पोरांचा 'रेझ्युमे' असतो. हा फ्रेंच, याचा अर्थ सारांश. म्हणजे आयुष्य लॅटिनमध्ये धावतं आणि फ्रेंचमध्ये आटोपतं. भाषा बदलल्या तरी आतला मजकूर मात्र आमच्याकडे ढळला नाही. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, छंद: वाचन आणि क्रिकेट. शेवटी 'मी प्रामाणिक व कष्टाळू आहे', ही ओळ. मी आळशी व लबाड आहे, असं लिहिलेला अर्ज माझ्या तरी पाहण्यात नाही; मग हे प्रामाणिक आणि कष्टाळू लोक नोकरी लागल्यावर जातात कुठे, हा संशोधनाचा विषय आहे.

हा विषय माझ्या डोक्यात घुसायला माझी भाची कारण झाली. पोरगी पुण्यात ॲनिमेशन शिकली आणि संगणकावरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत अर्ज करत होती. जागा 'टेक्निकल आर्टिस्ट'ची. म्हणजे काय गं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मामा, एका बाजूला चित्रकार बसतात, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅमर. दोघांना एकमेकांचं काही कळत नाही. मधे मी." आमच्या शाखेत मॅनेजर आणि शिपाई यांच्यामधे मी हेच करतो, पण मला कोणी आर्टिस्ट म्हणत नाही.

तिनं रेझ्युमे दाखवला. एक पान. त्यावर सॉफ्टवेअरची नावं, किराणाच्या यादीसारखी एकाखाली एक. ही पोरगी सहावीपासून खिशात पेन्सिल घेऊन हिंडते. एस.टी. स्टँडवर झोपलेली माणसं, टांग्याचे घोडे, लग्नात रांगोळी पुसत जाणारी मुलं, अशा आठ वह्या तिनं भरल्यात. त्यांचा पानावर पत्ता नव्हता. "ते काढून टाकलं," ती म्हणाली. "हल्ली अर्ज आधी संगणक चाळतो मामा. जाहिरातीतले शब्द अर्जात सापडले तर पुढे, नाहीतर बाहेर. पेन्सिल कोण विचारतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. मी कॉमर्सचा माणूस. उत्तर सुचलं नाही की आम्ही मागच्या वर्षाची वही काढून आधी कोणी कसं केलंय ते बघतो. तशी मी वही काढली, आणि मागे मागे जाता जाता पोचलो थेट १४८२ सालच्या आसपास, इटलीत. तिथे तीस वर्षांचा एक तरुण नोकरीसाठी अर्ज लिहून घेत होता. त्याचंही निम्मं अंग चित्रकाराचं आणि निम्मं इंजिनिअरचं. नाव लिओनार्दो दा व्हिंची.

या गृहस्थाची तेव्हाची परिस्थिती सांगतो. जन्म १४५२ सालचा. फ्लॉरेन्स शहरात व्हेरोक्यो नावाच्या उस्तादाच्या कारखान्यात उमेदवारी केलेली. तिथे चित्रं, पुतळे, धातूचं ओतकाम सगळं चाले. १४७१ साली फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटावर तांब्याचा सोनेरी गोळा चढवला तो याच कारखान्यानं. म्हणजे शिक्षण उत्तम. पण हाती घेतलेलं काम तडीस नेईल तर शपथ. १४८१ साली एका मठातल्या साधूंनी मोठं चित्र सांगितलं. ते अर्धवट टाकून हे मिलानला निघाले. आमच्याकडे अशा खात्यावर लाल शाईचा शेरा पडतो.

मिलानमध्ये तेव्हा लुडोव्हिको स्फोर्झाची सत्ता. गादी पुतण्याची, कारभार काकांचा. आपल्याला ही व्यवस्था समजावून सांगायला नको. त्यात १४८२ साली व्हेनिस आणि फेरारा यांच्यात लढाई जुंपली आणि मिलान फेराराच्या बाजूनं उतरलं. म्हणजे मालकाच्या डोक्यात त्या वेळी काय असेल? चित्रं? छे! तोफा.

लिओनार्दोनं हे ओळखलं. त्याच्या अर्जाचा मसुदा आजही मिलानच्या आम्ब्रोझिआना ग्रंथालयात 'कोडेक्स अटलांटिकस' नावाच्या बाडात आहे. वर तारीख नाही. अभ्यासक तो १४८२च्या सुमाराचा धरतात. गंमत म्हणजे अक्षर त्याचं नाही. हा डावखुरा माणूस, स्वतःच्या वहीत उजवीकडून डावीकडे, आरशात धरून वाचावं असं उलटं लिहायचा. तसा अर्ज धाडला असता तर राजानं आधी वैद्याला बोलावलं असतं. तेव्हा त्यानं शहाणपण केलं आणि चांगल्या अक्षराच्या माणसाकडून लिहवून घेतला. वर मुद्द्यांचे आकडेही मागेपुढे करून क्रम सुधारला. अर्ज एका बैठकीत होत नाही, हे पाचशे वर्षांपूर्वी ठरून गेलेलं आहे.

आणि मजकूर? सुरुवातीला थोडक्यात एवढंच, की युद्धयंत्रांचे उस्ताद म्हणवणाऱ्यांचं काम मी पाहिलं, त्यात नेहमीपेक्षा वेगळं काही नाही, म्हणून कुणाचा अपमान न करता माझी गुपितं आपल्यापुढे ठेवतो. म्हणजे जमलेल्या सगळ्यांचा अपमान करून झाल्यावर 'कुणाचा अपमान न करता'. पुढे ओळीनं मुद्दे. हलके आणि मजबूत पूल बांधीन, ते उचलून नेता येतील, शत्रूचा पाठलाग करायला उपयोगी आणि वेळ पडल्यास पळायलाही. खंदकातलं पाणी काढीन. तोफेनं न पडणारा किल्ला, मग तो खडकावर का असेना, पाडीन. गारांसारखे दगड फेकणाऱ्या आणि धुरानं शत्रूची दाणादाण उडवणाऱ्या छोट्या तोफा करीन. समुद्रावर लढाई झाली तर त्याचीही यंत्रं आहेत. आवाज न करता नदीखालून भुयार नेईन. शत्रूच्या गर्दीत घुसणाऱ्या झाकलेल्या गाड्या करीन. मोठ्या तोफा ओतीन. तोफा चालत नसतील तिथे दगडफेकीची यंत्रं लावीन. हे झाले नऊ. दहावा मुद्दा शांततेचा: इमारती बांधीन आणि एका जागचं पाणी दुसऱ्या जागी नेऊन देईन. हा मुद्दा आपल्याकडे आजही कुठल्याही निवडणुकीत चालेल.

मग अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं: संगमरवराचं, ब्राँझचं, मातीचं शिल्पकामही येतं, आणि चित्र म्हणाल, तर कोणाच्याही तोडीस तोड काढीन.

बस्स. ज्याच्या 'मोनालिसा'साठी पुढे पॅरिसला रांगा लागल्या, त्या माणसानं आपली चित्रकला ही अशी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसवली आहे.

आता या अर्जात काय नाही ते बघा. वडिलांचं नाव नाही. वय नाही. व्हेरोक्योच्या कारखान्याचं प्रशस्तिपत्र नाही. अर्धवट चित्राचा उल्लेख नाही, हे तर ओघानंच आलं. 'मी प्रामाणिक व कष्टाळू आहे' नाही. आपला अर्ज 'मी अमुक आहे, मी तमुक झालो' असा स्वतःभोवती पिंगा घालतो. याचा प्रत्येक मुद्दा राजाभोवती फिरतो. तुमचा वेढा, तुमचा खंदक, तुमचा शत्रू, आणि त्यावर माझा इलाज. कर्जाच्या अर्जात 'मला पैशांची फार गरज आहे' असं लिहिणाऱ्यांना मी हेच सांगत आलो आहे: गरज तुमची असेल, पण बँकेला व्याज दिसलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं होतं का? तिथेच मेख आहे. त्या तारखेपर्यंत या माणसाचा युद्धकामाचा अनुभव, सरकारी भाषेत सांगायचं तर, निरंक. झाकलेल्या गाडीचं त्यानं पुढे काढलेलं चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे; त्यात दातेरी चाकं अशी जोडली आहेत की गाडीची पुढची चाकं एकीकडे फिरतील आणि मागची दुसरीकडे. अशी वाहनं पाहायला मला लंडनला जायची गरज नाही, मी रोज अशाच कारभारात बसतो. पण त्याला लबाड म्हणता येत नाही, कारण अर्जाच्या शेवटी त्यानं एक वाक्य घातलं आहे. यातलं काहीही कुणाला अशक्य वाटत असेल तर आपल्या बागेत किंवा आपण म्हणाल तिथे करून दाखवायला मी तयार आहे. ही ओळ लिहिण्याची छाती असेल त्यानं वरच्या दहा मुद्द्यांत थोडी फोडणी जास्त घातली तरी चालते.

करून दाखवण्याची ही रीत आपल्या देशातल्या एका कारकुनानं याहून सरस पाळली. हे लिहिताना माझी कारकुनी कॉलर जरा ताठ झाली आहे, तिकडे दुर्लक्ष करावं. १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेब खात्यात श्रीनिवास रामानुजन महिना तीस रुपयांवर लागले. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डींना पत्र लिहिलं. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, की मी कारकून आहे आणि पगार वर्षाला अवघे वीस पौंड. विद्यापीठाची पदवी नाही, हेही लपवलं नाही. आणि पुढे पानंच्या पानं नुसती सूत्रं. याआधी केंब्रिजच्याच दोघा विद्वानांकडून त्यांना उत्तेजन मिळालं नव्हतं. हार्डी मात्र ती पानं घेऊन आपल्या लिटलवूड नावाच्या सहकाऱ्याबरोबर बसले, आणि १९१४ साली कारकून केंब्रिजला पोचला. तीस रुपयांचा पगार आणि नापास परीक्षा झाकायला त्या पत्रात जागाच नव्हती. सगळी जागा कामानं व्यापली होती. भाचीच्या भाषेत याला 'पोर्टफोलिओ' म्हणतात. आम्ही त्याला 'सोबत जोडलेली कागदपत्रं' म्हणतो, आणि अनुभव असा की अर्ज कोणी वाचत नाही, कागदपत्रं सगळे बघतात.

आता कोणी म्हणेल, मोठी माणसं मुळात मोठीच असतात, त्यांनी काहीही खरडलं तरी चालतं. तर तेही खरं नाही. १९७३ साली अमेरिकेत अठरा वर्षांच्या एका पोरानं नोकरीचा फॉर्म भरला होता. फोन: नाही. गाडीची सोय: शक्य आहे, पण संभव कमी. विषय: इंग्रजी साहित्य. खास कौशल्य: इलेक्ट्रॉनिक्स. जवळच्या बड्या कंपनीचं नाव लिहिलंय, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. फॉर्म भरणाऱ्याचं नाव स्टीव्ह जॉब्ज. पुढच्या वर्षी तो अटारी या खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागला, पण अर्जाच्या जोरावर नव्हे. ऑफिसात जाऊन 'घेतल्याशिवाय हलणार नाही' म्हणून बसला, असं सांगतात. तोच १९७३चा फॉर्म २०१८ साली लिलावात १ लाख ७४ हजार डॉलरच्या वर गेला. तेव्हा वाईट अर्जालाही किंमत येते. फक्त पंचेचाळीस वर्षं थांबावं लागतं आणि मधल्या काळात ॲपल कंपनी काढावी लागते. ज्यांना एवढी सवड नाही त्यांनी लिओनार्दोचा नमुना वापरावा.

मी भाचीला हे सगळं सांगितलं. ती हुशार आहे, म्हणाली, "म्हणजे मामा, माझंच बरोबर! त्यानंसुद्धा जाहिरातीतले शब्दच घातले. तोफ, पूल, भुयार. संगणकानंही पास केलं असतं त्याला." मी म्हटलं, "बरोबर. पण त्यानं शेवटची ओळ खोडली नाही." आणि मग तिला त्या शेवटच्या ओळीचं पुढे काय झालं ते सांगावं लागलं.

त्या ओळीला जोडून लिओनार्दोनं आणखी एक वाक्य टाकलं होतं. आपल्या कैलासवासी तीर्थरूपांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडाही करता येईल. हा नेम अचूक होता. स्फोर्झा घराण्याची गादी एका पिढीची. लुडोव्हिकोचे वडील भाडोत्री सैन्याचे सरदार होते आणि १४५० साली मिलानचे ड्यूक झाले. नव्या घराण्याला जुन्या पुतळ्याची फार हौस असते. हा पुतळा करायचा बेत मिलानच्या दरबारात आधीपासूनच घोळत होता, आणि अर्जदारानं त्याचा माग काढला होता.

नोकरीत लिओनार्दोनं केलं काय? १४९० साली जानेवारीत राजवाड्यातल्या एका समारंभासाठी त्यानं स्वर्गाचा देखावा उभारला, त्यात सात ग्रह फिरत होते. ही खरी 'टेक्निकल आर्टिस्ट'ची नोकरी. घोड्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. १४९३ साली घोड्याचा मातीचा प्रचंड नमुना लोकांपुढे आला आणि सगळ्या मिलाननं तोंडात बोट घातलं. ओतण्यासाठी सुमारे सत्तर टन ब्राँझ ठेवलं होतं. १४९४ साली फ्रेंच फौजा इटलीत उतरल्या आणि लुडोव्हिकोनं ते सगळं ब्राँझ तोफा ओतायला सासरेबुवांकडे, म्हणजे फेराराच्या ड्यूककडे पाठवून दिलं. अर्जातल्या आठव्या मुद्द्यानं शेवटची ओळ गिळली ती अशी. लिओनार्दोच्या एका पत्राचा फाटका तुकडा उरला आहे. त्यात थकलेल्या पगाराची तक्रार आहे आणि घोड्याविषयी एवढंच, की त्याबद्दल मी बोलत नाही, काळ कसा आलाय ते मला ठाऊक आहे. मी नोकरदार माणूस. मला त्या सबंध चरित्रात हे वाक्य सगळ्यांत जास्त भिडलं. १४९९ साली फ्रेंचांनी मिलान घेतलं, आणि त्यांच्या तिरंदाजांनी नेमबाजीचा सराव म्हणून त्या मातीच्या घोड्यावर बाण मारले.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे शेवटची ओळ ठेवूनही नुकसानच की." मी म्हटलं, "खोडली असतीस तर नुकसान व्हायला तरी काय उरलं असतं?" तिनं पानाच्या तळाशी एक ओळ घातली, वह्यांतली दहा चित्रं जोडली, आणि वरच्या सॉफ्टवेअरच्या यादीऐवजी त्या कंपनीच्या खेळात पाणी खोटं दिसतं आणि ते मी कसं सुधारीन, हे तीन मुद्द्यांत लिहिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. अर्ज मात्र तिच्यासारखा दिसू लागला. आधीचा कोणाचाही चालला असता.

लुडोव्हिकोच्या तोफांचं पुढे काय झालं, हे आता कोणी विचारत नाही. घोडा मात्र लोक विसरले नाहीत. एका निवृत्त अमेरिकन वैमानिकानं ध्यास घेतला, तो वारल्यावर इतरांनी पैसा आणि काम पुढे नेलं, आणि लिओनार्दोची रेखाटनं समोर ठेवून केलेला सात मीटरहून उंच ब्राँझचा घोडा १९९९ साली, बाणांच्या त्या सरावानंतर बरोबर पाचशे वर्षांनी, मिलानमध्ये उभा राहिला. त्याच शहरातल्या एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दोनं याच नोकरीत असताना, १४९५ ते १४९८च्या सुमाराला, 'द लास्ट सपर' हे चित्र काढलं. आज तिथे आयत्या वेळी आत सोडत नाहीत. आधी नाव, दिवस, वेळ नोंदवावी लागते, आणि मग मोजकी माणसं आत सोडून पंधरा मिनिटं देतात. अर्जात ज्या कामाला त्यानं दहा मुद्द्यांच्या खाली बसवलं, ते बघायला आता दुनिया अर्ज करते आहे.